शिकाऊ मुलांचं बिल कोण भरतं?

बहरीनच्या पूर्व किनाऱ्यावर अस्कर नावाचं गाव आहे. त्याच्या शेजारीच 'अल्बा'चा अॅल्युमिनियम कारखाना आहे. १९७१ मध्ये तो सुरू झाला, तेव्हा आखाती प्रदेशात अशी भट्टी दुसरी नव्हती. पण भट्टी विकत आणता येते, ती चालवणारे हात घडवावे लागतात. शिकणाऱ्या मुलाला कामाचा अनुभव द्यायचा, तर त्या काळातलं त्याचं विद्यावेतन कोणी द्यायचं? आजचा आपला प्रश्न हाच आहे.

बहरीनने याचं उत्तर २००६ मध्ये कायद्यात लिहिलं. 'तमकीन' नावाचा निधी उभा केला. २००८ पासून प्रत्येक परदेशी कामगारामागे मालकाकडून महिन्याला दहा दिनार शुल्क घेतलं जाऊ लागलं. त्यातला ८० टक्के वाटा तमकीनकडे जाणार होता. त्या पैशातून बहरीनी तरुणांचं प्रशिक्षण आणि पगाराला हातभार. म्हणजे बघा, तुमच्यापैकी कुणाचे बाबा तेव्हा तिथे नोकरीला असतील, तर त्यांच्या नावावर भरलेल्या शुल्कातून एखादा स्थानिक मुलगा काम शिकला असेल. कागदावर पैसे मालक भरतो. पण पगार ठरवताना तो भार थोडा तरी कामगाराकडे सरकतो का, हे विचारायला हवं. आणि तिथेच वाढलेल्या तुमच्यासारख्या मुलांसाठी मात्र हा निधी नव्हता.

आता आपल्याकडे या. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये कॉलेज काढलं, ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. तिथे बिल विद्यार्थी स्वतःच्या घामाने भरत होता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने जबाबदारी कारखानदारांवर टाकली. साठच्या दशकाच्या शेवटी मंदी आली आणि इंजिनिअर बेकार फिरू लागले. मग १९७३ मध्ये पदवी-पदविकावाल्यांनाही या कायद्यात घेतलं गेलं. त्यांच्या किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकारने उचलला. पश्चिम भारताचं हे काम मुंबईतलं मंडळ बघतं.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने पुढचं पाऊल टाकलं. 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने'त सहा महिने पदवीधराला महिना दहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ हजार, बारावीवाल्याला सहा हजार, थेट बँक खात्यात. पण मुदत संपल्यावर काय? प्रशिक्षणार्थी आंदोलनाला उतरले आणि मुदत पाच महिने वाढवावी लागली. नोकरीचा प्रश्न तेवढा तसाच राहिला.

विद्यार्थी, कारखानदार, सरकार, परदेशी कामगारावरचं शुल्क: बिल असं हात बदलत गेलं. यात एक गोष्ट ध्यानात येते. मालकाच्या स्वतःच्या खिशाला काहीच चाट बसत नसेल, तर मुलाला नीट शिकवण्याची आणि पुढे ठेवून घेण्याची त्याला घाई नसते. सगळं त्याच्यावरच टाकलं, तर तो जागाच काढत नाही. १९७३ चा अर्धा-अर्धा हिशोब म्हणूनच आजही जुना वाटत नाही.

तुम्ही जिथे शिकताय, तिथे कोर्समध्ये इंटर्नशिप असेलच. पत्र हातात आलं की दोन प्रश्न नक्की विचारा: माझे पैसे कोण देतंय, आणि ते थांबले की मला कोण ठेवून घेणार?