जुन्या पिकअप ट्रकमधील विद्युत तारजोडणीचे दोषशोधन

जुन्या पिकअप ट्रकमधील विद्युत तारजोडणीचे दोषशोधन म्हणजे अशा वाहनाच्या विद्युत परिपथातील बिघाड क्रमवार मोजमापाने शोधून दूर करण्याची प्रक्रिया होय. प्रस्तुत लेखात मुख्यतः १९४० व १९५० च्या दशकांतील अमेरिकी पिकअप ट्रकांचा विचार केला आहे. या वाहनांतील परिपथ साधे असले तरी विसंवाहक आवरण जीर्ण झालेले असते व फ्यूज मोजकेच असतात. त्यामुळे दुर्लक्षित दोषातून आग लागण्याचा धोका संभवतो.

पार्श्वभूमी

या काळातील ट्रकांत प्रारंभी ६ व्होल्टची प्रणाली होती. शेवरलेने १९५५ मध्ये आलेल्या नव्या ट्रकमालिकेत, तर फोर्डने १९५६ च्या ट्रकांत १२ व्होल्टची प्रणाली स्वीकारली. फोर्डच्या ६ व्होल्ट प्रणालीत बॅटरीचे धन अग्र चॅसीला जोडलेले असे, तर शेवरलेमध्ये ऋण अग्र. म्हणून दुरुस्तीपूर्वी विभवांतर व अर्थिंगचे अग्र या दोन्ही बाबी निश्चित करणे आवश्यक असते.

३६ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ३ अँपिअर, तर ६ व्होल्टवर ६ अँपिअर विद्युतधारा घेतो. परिणामी ६ व्होल्टच्या वाहनात सांध्यावरील अल्प रोधही त्रासदायक ठरतो. तेथे अर्धा व्होल्ट वाया गेल्यास एकूण विभवांतराचा सुमारे ८ टक्के भाग नष्ट होतो व दिवा ठळकपणे मंदावतो.

दोषांची सामान्य कारणे

* कापडी वा रबरी आवरण कडक होऊन तडकणे, तसेच पत्र्याच्या छिद्रातील रबरी कडे झिजल्याने तार घासली जाणे.
* गंज वा नव्या रंगाच्या थरामुळे अर्थिंग तुटणे. इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असल्यास इंजिन व चॅसी यांना जोडणारी पट्टी महत्त्वाची ठरते.
* ६ व्होल्टच्या स्टार्टरला १२ व्होल्टसाठीची बारीक केबल जोडणे.
* पूर्वीच्या दुरुस्त्यांतील सैल सांधे आणि मूळ आराखड्याशी न जुळणारे तारांचे रंग.

तपासणीची पद्धत

प्रथम बॅटरी तपासली जाते. पूर्ण प्रभारित ६ व्होल्ट बॅटरीचे विभवांतर विश्रांत अवस्थेत सुमारे ६.३ व्होल्ट, तर १२ व्होल्ट बॅटरीचे सुमारे १२.६ व्होल्ट असते.

केवळ विश्रांत अवस्थेतील मोजमाप पुरेसे नसते, कारण बहुतेक धागे तुटलेली तारही मीटरवर पूर्ण विभवांतर दाखवू शकते. म्हणून भार चालू असताना विभवपात मोजतात. स्टार्टर फिरत असताना मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थिंग अग्रावर व दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवल्यास वाचन शून्याजवळ असावे. ते अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आल्यास दोष अर्थिंगमध्ये असतो.

शॉर्टसर्किट शोधताना त्या परिपथातील दिवे व उपकरणे अलग करून फ्यूजच्या जागी तपासणी दिवा जोडतात. तो उजळल्यास तार कोठेतरी चॅसीला टेकलेली असते. मग एकेक शाखा सोडवत गेल्यावर ज्या शाखेपाशी दिवा विझतो, तीत दोष असतो. वारंवार वितळणाऱ्या फ्यूजऐवजी अधिक क्षमतेचा फ्यूज बसवल्यास तारच तापून पेट घेऊ शकते.

शेवरलेच्या इंधनमापकात टाकीकडील तार तुटल्यास काटा ‘पूर्ण’ खुणेपलीकडे जातो, तर ती चॅसीला टेकल्यास ‘रिकामी’ खुणेवर स्थिरावतो. म्हणजेच काट्याच्या स्थितीवरूनच दोषाचा प्रकार ओळखता येतो.

प्रभारण प्रणाली

या ट्रकांत अल्टरनेटरऐवजी डायनॅमो व यांत्रिक रेग्युलेटर असतो. मंद गतीत डायनॅमो पुरेशी वीज देत नसल्याने त्या वेळी अँमीटरचा काटा विसर्जनाकडे झुकणे हा दोष नव्हे. गती वाढवूनही तो तेथेच राहिल्यास पट्टा, ब्रश व रेग्युलेटर तपासतात. डायनॅमो वा रेग्युलेटर बदलल्यावर डायनॅमोचे ध्रुवीकरण करावे लागते. त्याची रीत फोर्ड व शेवरलेमध्ये भिन्न असल्याने संबंधित वाहनाची दुरुस्ती-पुस्तिका पाहणे आवश्यक ठरते.

सुरक्षितता

काम करण्यापूर्वी बॅटरीची अर्थिंगची केबल प्रथम काढतात व शेवटी जोडतात. त्यामुळे पाना चॅसीला लागला तरी ठिणगी पडत नाही. प्रभारणाच्या वेळी बॅटरीतून ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने जवळ ज्योत नेऊ नये. आवरण ठिकठिकाणी तडकले असल्यास तुकड्यातुकड्याने चिकटपट्टी लावण्यापेक्षा संपूर्ण तारसंच बदलणे अधिक सुरक्षित असते.