पालापासून ‘वर्षा’पर्यंत : गहुली आणि नाईकांची घरं



आपल्या जिल्ह्यात कुठल्याही रस्त्यानं निघा, थोड्या वेळात एखाद्या तांड्याची पाटी दिसतेच. गावाला शीव असते, गावठाण असतं, पाटलाचा वाडा असतो. तांड्याचं तसं नाही. तिथं आधी नायक, मग जागा. ज्या नायकानं आपली माणसं घेऊन मुक्काम टाकला, त्याच्याच नावानं कितीतरी तांडे आजही ओळखले जातात. आज अशाच एका तांड्याची आणि तो वसवणाऱ्या घराण्याच्या घरांची गोष्ट सांगते. तो तांडा म्हणजे गहुली. आपल्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की पुसद तालुका लागतो, त्यातलं हे लहानसं गाव.

गहुलीच्या आधी बंजाऱ्यांचं घर चालतं होतं. बैलांच्या पाठीवर गोण्या लादायच्या, समुद्रकाठचं मीठ वर न्यायचं, इकडचं धान्य खाली न्यायचं. मुघलांच्या फौजांनाही धान्य पुरवलं ते याच तांड्यांनी. मुक्कामाला पाल ठोकायचं, चूल मांडायची, निघायची वेळ झाली की सगळं बैलावर चढवायचं. संसार उभा करणं आणि तो मोडून पुन्हा बांधून घेणं, यात बाईचा हात मोठा.

मग रेल्वे आली. 1867 साली रूळ वऱ्हाडातून नागपूरला पोचले. शेकडो बैल महिनाभर वाहायचे तो माल गाडी दोन दिवसांत नेऊ लागली. व्यापार बुडाला. त्यात 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि फिरत्या माणसाकडे संशयानं बघणं सुरू झालं. अनेक भागांत बंजाऱ्यांवरही तो शिक्का बसला. बैल विकले, नांगर धरला, तांडे एका जागी बसले.

गहुलीचा तांडा वसवला चतुरसिंग राठोड यांनी. तेच तिथले नायक. पुढं राठोड मागं पडलं आणि ‘नाईक’ हेच आडनाव झालं. त्यांचे पुत्र फुलसिंग आणि सून होनूबाई. या घरात 1 जुलै 1913 रोजी वसंतरावांचा जन्म झाला. तांड्यात शाळा नव्हती. आजूबाजूच्या गावांत राहून त्यांनी प्राथमिक शिक्षण घेतलं, मग अमरावती, मग नागपूर. 1940 साली ते वकील झाले.

या घराण्याचं दुसरं घर पुसदचं. तिथं वकिली, मग 1946 साली नगराध्यक्षपद. पण त्याआधी एक मोठी गोष्ट घडली होती. 1941 साली नागपूरच्या ब्राह्मण घरातल्या वत्सला घाटे यांच्याशी वसंतरावांनी लग्न केलं. त्या काळी जातीबाहेर लग्न म्हणजे दोन्हीकडचा रोष. घाट्यांची लेक बंजारा नायकाच्या घरची सून झाली आणि निभावून नेलं. कुठलंही घर विटांनी उभं राहतं तसंच अशा निभावण्यानंही उभं राहतं.

तिसरं घर मुंबईचं. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि वसंतराव तिथं मंत्री झाले. मलबार हिलवरच्या ‘डग बीगन’ नावाच्या बंगल्यात ते राहायला गेले आणि त्याचं नाव त्यांनी ठेवलं ‘वर्षा’. वर्षा म्हणजे पाऊस. कोरडवाहू मुलखातल्या माणसाला दुसरं काय आठवणार? डिसेंबर 1963 मध्ये मुख्यमंत्री झाल्यावरही त्यांनी तेच घर ठेवलं आणि ‘वर्षा’ हा मुख्यमंत्र्यांचा बंगला ठरला. 1975 पर्यंत ते त्या पदावर होते. पुढं 1991 साली त्यांचे पुतणे सुधाकरराव मुख्यमंत्री झाले. त्यांचाही जन्म गहुलीचाच. एका तांड्यातून दोन मुख्यमंत्री!

गहुलीचं नाव पुस्तकात आलं, कारण तिथून मुख्यमंत्री निघाले. पण तुमच्या-माझ्या शेजारचा तांडा कुणी वसवला, कधी वसवला, पहिली झोपडी कुठं होती, हे कुठं लिहिलंय?

यात नुसती हौस नाही, मैत्रिणींनो. विमुक्त जातींचा दाखला काढायला गेलं की 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीपासून घराणं महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. लेकीचं कॉलेजचं ॲडमिशन तोंडावर येतं आणि घरात एकही जुना कागद नसतो. अशा वेळी आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा, जुना सातबारा, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद शोधावी लागते. आणि ती कुठल्या गावात शोधायची हे फक्त घरातल्या म्हातारीला माहीत असतं. तांडा आधी कुठल्या शिवारात होता, कुठल्या विहिरीवर पाणी भरायचे, कुणाच्या नावानं ओळखला जायचा, हे तिनंच सांगायचं.

म्हणून एक काम करा. पोहरादेवीला नगारा वास्तुसंग्रहालय झालंय, 2024 साली ते खुलं झालं. तिथं समाजाचा मोठा इतिहास आहे, जरूर बघून या. पण तुमच्या घराचा इतिहास तिथं सापडणार नाही. तो सासूजवळ, आजीजवळ आहे. आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा, वही घ्या आणि विचारा, “याडी, आपला नायक कोण होता?” ती सांगेल ते लिहून घ्या. उद्यावर टाकू नका.