त्वचेवरच्या गाठीचा संकेतांक

त्वचेखाली हळूहळू वाढणारी, हाताला गोल लागणारी आणि बहुधा न दुखणारी गाठ दिसली की डॉक्टर केसपेपरवर ‘सिस्ट’ असे लिहितात. गाठ नेमकी कोणत्या प्रकारची हे ठरलेले नसेल, तर अमेरिकेत त्या भेटीच्या बिलावर ‘एल ७२.९’ हा संकेतांक पडतो. त्वचेची किंवा त्वचेखालच्या ऊतींची, केसाच्या मुळाशी संबंधित, प्रकार न सांगितलेली गाठ, असा त्याचा अर्थ.

रोगांना क्रमांक देण्याची ही पद्धत मुळात मृत्यूंच्या नोंदीसाठी आली. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ याने केलेली मृत्युकारणांची यादी १८९३ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात स्वीकारली गेली. १८९८ मध्ये अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या निबंधकांना तिची शिफारस केली. साध्या गाठीने कुणी दगावत नाही, त्यामुळे या यादीला तिची नोंद घेण्याचे कारणच नव्हते. १९४८ च्या सहाव्या सुधारणेपासून यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि मृत्यूंबरोबर आजारांचीही झाली.

तोवर अमेरिकी रुग्णालयांत नोंदी ठेवणे हा वेगळा पेशा झाला होता. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील ग्रेस व्हाइटिंग मायर्स या १९२८ मध्ये स्थापन झालेल्या नोंदपालांच्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा. केसपेपर वाचून संकेतांक देणारे आजचे कोडर याच परंपरेतले.

१९७९ पासून अमेरिकेत या यादीच्या नवव्या सुधारणेची आयसीडी-९-सीएम ही अमेरिकी आवृत्ती वापरात आली. तिच्यात त्वचेच्या अशा गाठींना ७०६.२ हा एकच संकेतांक होता आणि त्याचे नाव होते ‘सिबेशियस सिस्ट’, म्हणजे तैलग्रंथीची गाठ. हे नाव चुकीचे असल्याचे तेव्हाच कळलेले होते. डोक्यावरच्या अशा गाठींचे अस्तर तैलग्रंथीचे नसून केसाच्या मुळाभोवतीच्या बाह्य आवरणाचे असते, हे हर्मन पिंकस या त्वचारोगतज्ज्ञाने १९६९ मध्ये मांडले होते. चेहऱ्यावरच्या, मानेवरच्या, पाठीवरच्या बहुतेक गाठी बाह्यत्वचेच्या असतात. दोन्हींच्या आत साचणारा पांढरट, उग्र वासाचा लगदा हा मुख्यतः केराटिन असतो. तरीही सगळ्या गाठी एकाच नावाखाली जात राहिल्या. त्या काळातल्या नुसत्या संकेतांकांवरून आज त्या वेगळ्या काढता येत नाहीत, हे नुकसान भरून निघण्यासारखे नाही.

१९८८ च्या कायद्याने मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याकडे पाठवायच्या डॉक्टरांच्या बिलांवर रोगाचा संकेतांक सक्तीचा केला. संख्याशास्त्राचे साधन आता पैशाचेही झाले. केवळ दिसायला बरे वाटावे म्हणून गाठ काढली तर मेडिकेअर खर्च देत नाही. ती दुखत असेल, तिला जंतुसंसर्ग झाला असेल, तर प्रश्न वेगळा होतो आणि ते कागदावर दिसावे लागते.

दहावी सुधारणा १९९० मध्ये मंजूर झाली. अमेरिकेने ती मृत्यूंच्या नोंदीसाठी १९९९ पासून वापरली, पण आजारांच्या नोंदीसाठी आणि बिलांसाठी २०१३, मग २०१४ अशा तारखा पुढे ढकलत १ ऑक्टोबर २०१५ रोजी लागू केली. रोगांचे संकेतांक सुमारे १४,००० वरून ६८,००० च्या पुढे गेले. एकट्या ७०६.२ चे घराणे झाले: एल ७२.० बाह्यत्वचेची गाठ, एल ७२.११ केसाच्या आवरणाची, एल ७२.२ अनेक तैलगाठींचा विकार. जागतिक आवृत्तीत ‘सिबेशियस सिस्ट’ हे नाव केसाच्या आवरणाच्या गाठीखालीच होते. अमेरिकेने त्याला एल ७२.३ असा स्वतंत्र क्रमांक दिला. शास्त्राच्या दृष्टीने ही माघार वाटेल, पण ती रास्त आहे. डॉक्टर आजही तेच नाव लिहितात आणि डॉक्टरने लिहिलेले निदान बदलण्याचा कोडरला अधिकार नाही.

समजा, कागदावर एवढेच आहे: ‘पाठीवर दीड सेंटिमीटरची सिस्ट, काढली, तपासणीला पाठवली.’ अमेरिकेतला असो वा तिथल्या रुग्णालयांचे काम पुण्यात बसून करणारा असो, कोडर अनुक्रमणिकेत ‘सिस्ट’ आणि त्याखाली ‘त्वचा’ शोधतो आणि एल ७२.९ वर येतो. ‘बहुधा बाह्यत्वचेची’ असे लिहिलेले असले तरी एल ७२.० देता येत नाही, कारण बाह्यरुग्णाच्या बाबतीत संशयित निदानाला संकेतांक द्यायचा नाही असा नियम आहे. पॅथॉलॉजीचा अहवाल आल्यावर बिल केले, आणि त्यात पेशींचा कणीदार थर असलेले अस्तर व आत केराटिन सापडून बाह्यत्वचेच्या गाठीचे निदान पक्के झालेले असले, तर मात्र एल ७२.० लागतो.

‘अनिर्दिष्ट’ संकेतांक म्हणजे कामचुकारपणा, ही समजूत २०१५ मध्ये जोरात होती. दावे फेटाळले जातील या भीतीवर उतारा म्हणून त्या जुलैत मेडिकेअरच्या यंत्रणेने आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने वर्षभराची सवलत जाहीर केली: योग्य घराण्यातला वैध संकेतांक असेल, तर केवळ नेमकेपणा कमी म्हणून बिल नाकारायचे नाही. अधिकृत मार्गदर्शक सूचनाही सांगतात की पुरेशी माहिती नसेल तेव्हा अनिर्दिष्ट संकेतांकच योग्य. गाठ न काढता नुसती पाहून रुग्णाला घरी पाठवले, तर प्रकार खात्रीने सांगणे अनेकदा शक्यच नसते. तिथे एल ७२.९ हीच प्रामाणिक नोंद आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी सुधारणा १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. अमेरिकेतील बिले मात्र अजून दहाव्या सुधारणेच्या अमेरिकी आवृत्तीवरच चालतात, आणि तिची नवी यादी दर ऑक्टोबरमध्ये अमलात येते.