आकाशातील कुंपणे

जमिनीवरची सीमा डोळ्यांना दिसते. शेताला बांध असतो, गावाला शीव असते, संस्थानांच्या हद्दीवर एके काळी दगड रोवलेले असत. आकाशातील सीमेला मात्र अशी एकही खूण नाही. ती केवळ नकाशावर आखलेली असते. खालून सरकणारे रस्ते, नद्या व टेकड्या आणि समोरचा उंचीमापक यांच्या आधारे वैमानिकाने ती मनाशी ताडून पाहावयाची असते. मोठ्या विमानतळांभोवती अशी अदृश्य कुंपणे का उभारली गेली आणि लहान विमानांना त्यांतून वाट कशी मिळाली, याचा इतिहास मुख्यतः अमेरिकेत घडला. तो बराचसा अपघातांचा इतिहास आहे.

विमानविद्येच्या आरंभीच्या काळात आकाशाचा नियम एकच होता: दुसऱ्यास पाहावे आणि टाळावे. विमाने थोडी होती, वेग बेताचा होता, आणि माणसाचा डोळा त्या कामास पुरेसा पडत होता. ३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅन्यनच्या दरीवर दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळली आणि १२८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी दोन्ही विमाने नियंत्रित आकाशाच्या बाहेर होती. या आघातानंतर १९५८ मध्ये कायदा होऊन विमानवाहतुकीसाठी स्वतंत्र मध्यवर्ती यंत्रणा स्थापन झाली. १९७० पासून गजबजलेल्या विमानतळांभोवतीचे आकाश राखून ठेवण्यास प्रारंभ झाला.

या राखीव आकाशाचा आकार मोठा चमत्कारिक असतो. मडक्यांची उतरंड उलटी ठेवावी, म्हणजे सर्वांत लहान मडके तळाशी आणि सर्वांत मोठे वर, तसा तो दिसतो. विमानतळाजवळ तो जमिनीपासून सुरू होतो. जसजसे दूर जावे तसतसा त्याचा तळ उंच होत जातो. या आकाशात नियंत्रकाच्या अनुज्ञेवाचून कोणीही शिरावयाचे नाही. त्याच्या तळाखालून, माथ्यावरून वा बाजूने जाण्यास मात्र लहान विमान मोकळे असते.

तथापि कुंपण घातल्याने सारे प्रश्न सुटले नाहीत. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन डिएगो येथे उतरू पाहणाऱ्या एका मोठ्या जेट विमानाच्या वैमानिकांची पुढे चाललेल्या लहान सेस्ना विमानावरची नजर सुटली. १४४ जणांचा अंत झाला. त्यानंतर आठ वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९८६ रोजी, तीन माणसांना घेऊन निघालेले एक लहान पायपर विमान लॉस एंजेलिसच्या राखीव आकाशात नकळत शिरले. तेथे त्या आकाशाचा तळ ६,००० फुटांवर होता आणि विमान त्याहून सुमारे पाचशे फूट वर गेले होते. हवा स्वच्छ होती. मेक्सिकोहून येणारे डी.सी. ९ विमान त्याच जागी खाली येत होते. दोघांपैकी कोणीही टाळण्याचा प्रयत्न केल्याचे चिन्ह चौकशीत आढळले नाही. सेरिटोस या वस्तीवर दोन्ही विमाने कोसळली; विमानांतील ६७ आणि जमिनीवरील १५ असे ८२ जीव गेले.

लहान विमानाने सीमा ओलांडली होती, यात शंका नव्हती. सारा दोष त्याच्या माथी मारून मोकळे होणे सोपे होते. चौकशी मंडळाने तसे केले नाही. नियंत्रणव्यवस्था अशी टक्कर टाळण्यास असमर्थ होती, हे त्याने मुख्य कारण मानले. नकळत झालेला प्रवेश आणि डोळ्यांच्या मर्यादा यांना त्याने साहाय्यक कारणांचे स्थान दिले. माणूस चुकणार हे गृहीत धरून व्यवस्था उभारली पाहिजे, असाच या निर्णयाचा अर्थ होता. त्या लहान विमानातील ट्रान्सपॉन्डर आपली उंची कळवीत नसे. पुढे अशा मोठ्या विमानतळांभोवती तीस सागरी मैलांच्या परिसरात उंची कळविणारे यंत्र सामान्यतः आवश्यक ठरले, आणि मोठ्या प्रवासी विमानांत टक्करीची पूर्वसूचना देणारे उपकरण सक्तीचे झाले.

मग लहान विमानांना मज्जावच का करू नये? या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासात आहे. मुंबईचेच उदाहरण घ्यावे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, ते एक इंजिनाच्या लहानशा पस मॉथ विमानातून. सांताक्रूझचा मोठा विमानतळ जुहूच्या शेजारी नंतर आला. आकाशातील पहिली पायवाट लहान विमानांनीच पाडलेली आहे.

दुसरे उत्तर लॉस एंजेलिसनेच दिले. तेथे पश्चिमेस समुद्र आणि उत्तरेस डोंगर. एक इंजिनाच्या विमानाने समुद्रावर फार दूर जाणे धोक्याचे. म्हणून थेट त्या प्रचंड विमानतळाच्या डोक्यावरून एक वाट राखलेली आहे. ऐकताना हे विपरीत वाटते. परंतु विमाने पूर्व-पश्चिम धावपट्ट्यांवर उतरतात व उडतात, तेव्हा धावपट्टीच्या नेमक्या वर ती जमिनीला लागूनच असतात. साडेतीन-चार हजार फुटांवरची ती जागा बहुधा रिकामी असते. आग्नेयेकडे जाणाऱ्याने ३,५०० फुटांवरून आणि वायव्येकडे जाणाऱ्याने ४,५०० फुटांवरून जावे. दिवे लावलेले असावेत, नकाशा जवळ असावा, वेग १४० नॉटपेक्षा अधिक नसावा. एवढे पाळणाऱ्यास नियंत्रकाची वेगळी अनुज्ञा लागत नाही. १९८७ मध्ये ही वाट बंद करण्यात आली होती. वैमानिकांनी ती परत मागितली आणि विशेष नियमांसह ती पुन्हा खुली झाली.

कुंपण बलवानाच्या रक्षणासाठी घातले, तरी त्याला एक फाटक ठेवावे लागते. जाणाऱ्यास वाट ठाऊक नसेल तर तो कुंपण ओलांडणारच. सेरिटोसच्या अपघाताने कुंपण अधिक पक्के केले. लॉस एंजेलिसवरील त्या अरुंद वाटेने त्यात फाटक ठेवले. आकाशाची सुरक्षितता या दोहोंवर उभी आहे.