सतरा माणकं आणि तीन पाळ्या

मनगटी घड्याळांचे दोन प्रकार असतात. एक वेळ बघण्यासाठी आणि दुसरं लोकांनी बघण्यासाठी. दुसऱ्या प्रकाराबद्दल मला काही सांगता येणार नाही. तेवढा पगार कधी मिळाला नाही. पहिल्याबद्दल मात्र थोडं अधिकाराने बोलतो. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये माझी सारी नोकरी गेली, आणि स्टोअर्सच्या खिडकीत माणसाचा चेहरा दिसायच्या आधी चिठ्ठी धरलेला हात दिसतो. चिठ्ठीवरचं अक्षर बहुधा लागत नसे, म्हणून मी मनगटं वाचायला शिकलो. घड्याळाच्या काचेवर ठिणग्यांचे बारीक खड्डे असले की वेल्डिंग. पट्टा तेल पिऊन काळा आणि मऊ झालेला असला की मशिन शॉप. काच लखलखीत, पट्टा कोरा करकरीत असला, तर साहेब. त्यांना चिठ्ठी लागत नसे.

मजबूत, स्वस्त, रोजच्या धबडग्यात वापरायचं घड्याळ आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, म्हणून त्याला काही इतिहास असेल असं कुणाला वाटत नाही. पण आहे. आणि त्यात दगडफेकसुद्धा आहे.

आपल्याकडे पूर्वी वेळ मोजायची ती घटिकापात्राने. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. पाण्यावर सोडली की २४ मिनिटांत भरायची आणि बुडायची. अशा ६० घटका झाल्या की एक दिवस-रात्र. मजबुतीच्या बाबतीत हे यंत्र आजही अजिंक्य आहे. पडलं तर फुटत नाही, किल्ली नको, सेल नको, आणि पाणी आत जाईल अशी भीती नाही, कारण पाणी आत जाणं हेच त्याचं काम. दोष एकच, की मनगटावर बांधता येत नाही. पण लग्नात गुरुजींच्या शेजारी ती वाटी तरंगत असे तेव्हा वेळ साऱ्या मांडवाची असे. वरबापाला ती पुढे सरकवता येत नसे आणि वधूपित्याला मागे.

कारखाने आले आणि वेळेला मालक मिळाला. स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या एका गिरणीकामगाराने एकोणिसाव्या शतकात आपल्या लहानपणाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. तो सांगतो की गिरणीतलं घड्याळ सकाळी पुढे केलेलं असे आणि संध्याकाळी मागे. मजुरांना हे सगळं ठाऊक होतं, पण बोलायची सोय नव्हती. खिशात घड्याळ बाळगायचीसुद्धा भीती, कारण ज्याला वेळेचं ज्ञान जास्त झालं त्याला कामावरून काढून टाकत. म्हणजे चोरी करणारा राहिला बाजूला आणि शिक्षा कुणाला, तर ज्याच्या खिशात दिवा सापडला त्याला!

आपल्याकडचा प्रकार निराळा, पण जातकुळी तीच. १९०६ साली सरकारने साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. ३९ मिनिटं म्हणजे कागदावर काहीच नाही. पण पहाटे उठून गिरणी गाठणाऱ्या माणसाच्या झोपेतून ती वजा करून बघा. त्या जानेवारीत मुंबईच्या हजारो गिरणी कामगारांनी माग सोडले आणि गिरण्यांवर दगड फेकले. १५,००० वर नागरिकांनी निषेधाच्या अर्जांवर सह्या केल्या. मुंबईच्या महापालिकेने तर आपली जुनी वेळ पुढे कित्येक दशकं सोडली नाही. एकाच शहरात दोन वेळा सुखाने नांदल्या. उशिरा येणाऱ्यांचा तो सुवर्णकाळ असणार.

आमच्या पट्ट्यात हे सगळं जरा उशिराच आलं. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि बघता बघता शेतांतून शेडची छपरं उगवली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची १९७० साली नवनगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. गावाला महानगर व्हायला बारा वर्षं लागली; गावातल्या माणसाला कामगार व्हायला एक दिवस पुरला. काल जो ज्वारीच्या शेतात सूर्य बघून भाकरी सोडत होता, तो आज तीन पाळ्यांत वाटला गेला. आता सूर्याचा उपयोग पहिल्या पाळीला. रात्रपाळीला जाणाऱ्याने काय चंद्र बघायचा? आणि कोंबड्याला तर दुसरी पाळी असते हेच माहीत नाही. भोंगा होता, पण भोंगा म्हणजे वेळ झाल्यावर मिळणारी बातमी. वेळ होण्याआधी ती कळायला हवी असेल, तर मनगटावर घड्याळ हवं.

आणि ते परवडत नव्हतं. आमच्या वडिलांच्या पिढीत घड्याळ म्हणजे स्विस. वेस्ट एंड किंवा फाव्हर ल्यूबा. ते आजोबांकडून यायचं, किंवा यायचंच नाही. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर बंधनं आली, तेव्हा एखाद्याच्या मनगटावर नवं कोरं फॉरिनचं घड्याळ दिसलं की लोक आधी घड्याळाकडे बघत आणि मग त्याच्याकडे, जरा संशयाने.

ही कोंडी फोडली एच.एम.टी.ने. ही कंपनी मुळात घड्याळवाली नव्हे. हिंदुस्थान मशिन टूल्स, बंगळूरची, १९५३ सालची, लेथ बनवणारी. तिने जपानच्या सिटिझन कंपनीशी करार केला आणि १९६१ साली घड्याळांची पहिली खेप पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. त्यामुळे आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी वर्कशॉपांत एक मजेदार दृश्य दिसायचं. पुढ्यात एच.एम.टी.चा लेथ, टनाच्या हिशेबात वजन, आणि मनगटावर त्याच घराण्यातला धाकटा, तोळ्याच्या हिशेबात. थोरल्याने दिवसभर राबवून घ्यायचं आणि धाकट्याने सुटका कधी ते सांगायचं.

त्यातल्या किल्लीच्या घड्याळाचं नावच 'जनता'. साधी तबकडी, काहींवर तर नाव देवनागरीत. सेकंदाला पाच टिकटिक, आणि आत १७ ज्वेल. माझ्या आत्याने हा आकडा ऐकला तेव्हा ती भाच्याला म्हणाली, "अरे, सतरा माणकं आहेत तर चार काढून माझ्या कुड्यांत बसव की!" तिला सांगितलं, की ती माणकं कारखान्यात तयार केलेली असतात, मोहरीहून लहान, चाकांचे आस त्यांच्यात फिरतात, म्हणजे झिजत नाहीत. "म्हणजे तीही नोकरीलाच," आत्या म्हणाली आणि विषय संपला.

तबकडीवर आणखी एक शब्द असायचा, 'पॅरा-शॉक'. हे सिटिझनचं देणं. आतल्या डुलत्या चाकाचा आस केसासारखा बारीक. घड्याळ पडलं की आधी तोच मोडायचा. तो स्प्रिंगवर टेकवला की धक्का स्प्रिंग खाते. सिटिझनने १९५६ साली जपानात ही घड्याळं हेलिकॉप्टरमधून खाली टाकून दाखवली होती. आमच्याकडे हेलिकॉप्टर नव्हतं, पण प्रयोगात खंड नव्हता. फोर्जिंगचा हातोडा चालू असला की स्टोअर्सच्या फळीवरचे नटबोल्टसुद्धा सरकत. तिथे आठ तास काढलेली 'जनता' घरी जाऊन बरोबर वेळ दाखवायची, यात तिचं मोठेपण आहे.

अर्थात शत्रू नुसते धक्के नव्हेत. घाम आहे, कूलंट आहे, लोखंडाचा कीस आहे. आणि सगळ्यांत लबाड म्हणजे चुंबक. सरफेस ग्राइंडरवर काम लोहचुंबकाने धरून ठेवतात. तिथे हात रोज गेला की घड्याळातली केसासारखी स्प्रिंग चुंबक होते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळू लागतं. आमच्या ग्राइंडिंगच्या एका गड्याला कँटीन उघडायच्या आधी भूक लागायची, ती याच कारणाने. घड्याळजीने घड्याळातलं चुंबकत्व घालवलं, तेव्हा त्याची भूक ताळ्यावर आली.

आता अण्णांची गोष्ट. टर्नर होते. वारकरी, मितभाषी; मनगटावर 'जनता'. आमच्या गेटवर कार्ड पंच करायचं घड्याळ होतं, आणि एका हिवाळ्यात लेट मार्क एकदम वाढले. दोन मिनिटं उशीर, तीन मिनिटं उशीर. पाव तासाचा पगार कापला. बस तीच, रस्ता तोच, माणसं तीच. लोक एकमेकांवर चिडू लागले, बायकांवर चिडू लागले, डबा वेळेवर मिळत नाही म्हणून. अण्णांनी कुणावर चिडणं केलं नाही. रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांआधी आकाशवाणीवर पिप-पिप होते, तिला ते घड्याळ लावत आणि सकाळी गेटवरच्या घड्याळाशी ताडून एका वहीत फरक लिहीत. चौदा दिवस लिहिला. पंधराव्या दिवशी वही आणि ट्रान्झिस्टर घेऊन टाइम ऑफिसमध्ये उभे राहिले.

टाइमकीपर भडकले. "अण्णा, तुमचं हे घड्याळ खरं आणि कंपनीचं खोटं?"

"तसं नाही म्हणत मी, साहेब," अण्णा म्हणाले. "पण तुमचं घड्याळ कंपनीच्या पगारावर आहे. माझं नाही."

तेवढ्यात ट्रान्झिस्टरवर पिप-पिप झाली. अण्णांच्या घड्याळाचा काटा बरोबर होता, गेटवरचं घड्याळ साडेतीन मिनिटं पुढे. कुणी मुद्दाम केलं होतं की यंत्रच पळत होतं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त झालं. कापलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. वहीतला हिशेब मागच्या तारखेपासून लागू होत नाही, असं उत्तर आलं. पण त्या महिन्यात आमच्या खात्यात सहा जणांनी हप्त्याने घड्याळं घेतली. डंडीच्या मजुराला जे खिशात लपवायची भीती होती, ते आमच्याकडे लोक बाही वर करून बांधू लागले.

पुढे काळ बदलला. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, तेव्हा त्याची किंमत मोटारीइतकी होती. आजच्या क्वार्ट्झ घड्याळात स्फटिकाचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि महिन्याला काही सेकंदांपलीकडे चुकत नाही. मोटारीची किंमत काही उतरली नाही, घड्याळाची उतरली. टाटांनी तामिळनाडू सरकारच्या महामंडळाबरोबर १९८४ साली टायटन काढली आणि १९८७ पासून क्वार्ट्झ घड्याळं दुकानांत आली. एच.एम.टी.ने तोवर केलेली आणि पुढे केलेली मिळून १० कोटींच्या वर घड्याळं भरतात. पण किल्ली द्यायचा लोकांना कंटाळा आला होता. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. देशाला वेळ सांगणाऱ्याची वेळ भरली, ती अशी.

मजबुतीचा ध्यास जपान्यांनी सोडला नाही. कॅसिओतल्या किकुओ इबे नावाच्या इंजिनियरचं वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं. त्याने ठरवलं, दहा मीटरवरून पडलं तरी चालेल असं घड्याळ करायचं. कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या संडासाच्या खिडकीतून तो एकेक नमुना खाली टाकी. असे २०० च्या आसपास नमुने फुटले आणि १९८३ साली जी-शॉक तयार झालं. आमच्या स्टोअर्समधून २०० नमुने तोडायला दिले असते, तर ऑडिटवाल्यांनी आधी त्या खिडकीतून मलाच टाकून बघितलं असतं.

हे सगळं सांगायचं कारण, घड्याळाची गरज संपली असं लोक समजतात. आमच्या भाच्याला चाकणला ट्रेनी म्हणून नोकरी लागली. तिथे मोबाईल गेटवर जमा करतात. तो म्हणाला, "मामा, आत गेलं की किती वाजले तेच कळत नाही. भिंतीवरच्या पाटीवर गाड्या किती झाल्या ते दिसतं, वेळ नाही दिसत." मग आम्ही दोघं घड्याळ बघायला गेलो. त्याच्या निमित्ताने जे ठरलं, ते इतरांच्याही उपयोगी पडेल.

किल्लीचं नको, सेलवरचं घ्यावं, आणि सेल कोपऱ्यावरच्या दुकानात बदलून मिळेल असं. 'वॉटर रेझिस्टंट ३० मीटर' याचा अर्थ ३० मीटर खोल जाता येतं असा नव्हे. हात धुतले आणि दोन थेंब उडाले तर चालेल, एवढाच. पावसात मोटारसायकलवरून जायचं तर ५० बघावं, पोहायचं तर १००. प्लॅस्टिकच्या काचेला ओरखडे लवकर पडतात, पण टूथपेस्टने घासले की जातात. साध्या काचेला कमी पडतात, पण फुटली तर बदलावीच लागते. पट्टा रबराचा किंवा नायलॉनचा. विजेच्या कामात धातूचा पट्टा धोक्याचा, आणि मोटारीच्या कारखान्यात त्याचा ओरखडा नव्या गाडीच्या रंगावर उठला की घड्याळाच्या किमतीच्या कितीतरी पट बोलणी खावी लागतात. फिरत्या मशिनपाशी तर कुठलंच घड्याळ नको. काढून खिशात ठेवावं. घड्याळ दुसरं मिळतं, मनगट मिळत नाही.

भाच्याने अखेर कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू घेतलं. १९८९ सालचं डिझाइन, वजन २१ ग्रॅम, सेल सुमारे सात वर्षं चालतो. दिसायला शाळकरी आहे. पण पडलं तर पोटात गोळा येणार नाही अशी त्याची किंमत आहे, आणि रोजच्या घड्याळाची खरी कसोटी तीच. ज्याला आपण जपतो ते घड्याळ लग्नाकार्याचं. जे आपल्याला जपतं ते कामाचं.

हल्ली गेटवर कार्ड पंच होत नाही. यंत्र चेहरा ओळखतं आणि वेळ स्वतःच लिहून घेतं. ती वेळ कुठल्या खोलीतल्या कुठल्या कॉम्प्युटरमधून येते, हे गेटवरच्या वॉचमनलाही सांगता येत नाही. ती बरोबरच असणार. तरी घड्याळ बांधणाऱ्याने आठवड्यातून एकदा ते नीट लावून घ्यावं. साक्षीदार आपला असला, तरी त्याची जबानी पक्की करून ठेवलेली बरी.