दारातच अडवलेली चूक

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु सोने आधी कसोटीवर घासतात आणि मगच तिजोरीत ठेवतात, हे त्या म्हणीत आलेले नाही. आज आम्ही त्या कसोटीविषयीच बोलणार आहोत. काम हातावेगळे होण्याआधी त्यातली चूक माणसाने कशी धरली, याचा हा थोडक्यात इतिहास आहे.

आरंभ आपल्याच जिल्ह्यातून करू. जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. पान आधी शिसाने रेखाटून घ्यावे, सभोवती जागा सोडावी, इतक्या बारीक गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. पोथ्या हाताने नकलल्या जात, तेव्हा एकाची चूक पुढच्या प्रत्येक नकलेत उतरे. म्हणून शिस्त हवी ती लेखणी टेकण्यापूर्वीची.

यंत्रयुगात हे काम यंत्रानेही पत्करले. जपानात साकिची टोयोदा यांनी १९२४ साली सिद्ध केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपण होऊन थांबे, त्यामुळे सदोष कापड पुढे विणले जात नसे. पण त्याचबरोबर एक माणूस अनेक माग सांभाळू लागला. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९२८ चा प्रदीर्घ संप माणशी जास्त यंत्रे लादण्याविरुद्धही होता, याचा विसर पडू नये. चूक धरणारे यंत्र वाईट नव्हे. त्याने वाचवलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो, हा खरा प्रश्न होय.

जालन्याला हा धडा बियाण्यांनी शिकवला. बद्रीनारायण बारवाले यांनी येथे १९६४ साली महिको स्थापन केली, आणि १९६६ साली देशात बियाणे कायदा झाला. बियाण्याच्या प्लॉटात परजातीचे झाड दिसले तर ते फुलावर येण्याआधीच उपटावे लागते. एकदा पराग उडाला की उपटून काय उपयोग? उगवणीची चाचणीही बी बाजारात जाण्यापूर्वी व्हावी लागते. ती चुकली तर वाईट बी प्रथम कळते ते शेतकऱ्याला, आणि तोवर पेरणीचा पाऊस निघून गेलेला असतो. बैल गेला अन् झोपा केला, अशी ती गत.

आता संगणकाकडे वळू. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली ‘लिंट’ नावाची आज्ञावली केली. दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधील संशयास्पद जागा ती दाखवी. लिंट म्हणजे कापसाचा तंतू. कपड्याला चिकटलेला तंतू वेचावा तशी ही चुकांची वेचणी. २००५ साली लिनस टॉरवॉल्ड्स यांनी ‘गिट’ निर्माण केले. त्यात केलेले काम कायमचे नोंदवणे याला कमिट म्हणतात. नोंद होण्याच्या क्षणाआधी जी तपासणी आपोआप चालते ती ‘प्री-कमिट हुक’. अर्धवट ओळ, विसरलेला कंस, चुकून राहिलेली गुप्त किल्ली, असे काही सापडले की नोंद थांबते.

हे आम्हांस समजावले ते आमच्या एका जुन्या सभासदाच्या मुलीने. ती पुण्यात हेच काम करते. ती म्हणाली, “काका, हुक माझ्याच यंत्रावर चालतो. चूक फक्त मला दिसते, चारचौघांत शोभा होत नाही. पण तो फार वेळ खाऊ लागला की लोक त्याला वगळून पुढे जातात. एक शब्द जास्त लिहिला की झाले.”

तिचे बोलणे ऐकून आम्हांस एक रात्र आठवली. एका भट्टीवर भंगारातून दोन्ही तोंडे बंद असलेला नळीचा तुकडा वितळत्या लोखंडात गेला. आत पाणी होते. पाण्याची क्षणात वाफ झाली, रस उसळला आणि आमच्या एका साथीचा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहिले गेले. भंगार निवडण्याची पाळी उत्पादन वाढवण्यासाठी महिनाभर आधी बंद केली होती, याची मात्र कोठेच नोंद झाली नाही.

तात्पर्य, तपासणी दारातच हवी, झटपट हवी आणि ती काम करणाऱ्याच्या हाती हवी. त्याला घाई करून ती वगळायला लावणे म्हणजे चूक त्याच्या अंगावर ढकलणे होय. संगणकावर ओळ पुन्हा लिहिता येते. आमच्या साथीची बोटे आजही नीट मिटत नाहीत. म्हणून भंगार निवडायला वेळ, त्या वेळेची मजुरी आणि ‘थांबा’ म्हणणाऱ्याला अभय, एवढेच आमचे मागणे आहे.