डोळा : जनुके आणि उत्क्रांती

प्राण्यांमध्ये डोळा एकदाच उत्क्रांत झाला की अनेकदा, हा जीवशास्त्रातील जुना वाद आहे. डोळ्यांच्या रचनांची तुलना करून साल्विनी-प्लावेन व एर्न्स्ट मायर यांनी १९७७ मध्ये, प्रकाशग्राही अवयव किमान ४० वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाले असावेत, असे मांडले. १९९५ मध्ये बाझल येथील वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेने या मताला धक्का दिला. फळमाशीचे ‘आयलेस’ जनुक बिघडले की डोळा खुरटतो किंवा उगवतच नाही. अळीच्या ज्या पेशींपासून पुढे पाय आणि पंख बनतात, त्यांत हेच जनुक कार्यान्वित केल्यावर प्रौढ माशीच्या पायापंखांवर नेत्रिकांनी भरलेले लाल डोळे उगवले. उंदराचे पॅक्स-६ हे सजातीय जनुक वापरूनही डोळे उगवले, आणि तेही माशीचेच. मूळ डोळा एकच, असा निष्कर्ष गेरिंग यांनी काढला. पण याच प्रयोगातून वेगळे काही दिसते : बांधकाम सुरू करण्याचा आदेश सामाईक आहे, बांधणी मात्र ज्याची त्याची.

अवयव तपासला की हा भेद ठळक होतो. माणसाचे दृष्टिपटल भ्रूणाच्या मेंदूतून बाहेर येते आणि त्याचे मज्जातंतू प्रकाशाच्या बाजूला असल्याने अंधबिंदू राहतो. ऑक्टोपसचे दृष्टिपटल त्वचेपासून बनते, तंतू मागून निघतात आणि अंधबिंदू नसतो. भिंगातील प्रथिनेही ज्या त्या वंशाने हाताशी होती ती वापरली. बदकाच्या भिंगातले एक क्रिस्टलिन हे मुळात लॅक्टेट डीहायड्रोजनेज हे विकर आहे.

मग प्रत्येक वेळी पॅक्स-६च का, हा आक्षेप रास्त आहे. हे जनुक केवळ डोळ्याचे नाही. नाक, मेंदू आणि स्वादुपिंड यांच्या घडणीतही ते लागते. समान पूर्वजात ते डोक्याकडील संवेदी पेशींचे नियमन करत असावे, आणि पुढे ज्या वंशात डोळा घडला तो त्याच पायावर घडला, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते. शिवाय हे जनुक अपरिहार्यही नाही : प्लॅनेरिया या चपट्या कृमीत पॅक्स-६ दाबले तरी डोळा पुन्हा उगवतो. इतका गुंतागुंतीचा अवयव वारंवार कसा घडेल, या शंकेला निल्सन व पेल्गर यांच्या १९९४ च्या गणिताने उत्तर दिले. सपाट प्रकाशग्राही पट्ट्यापासून माशासारख्या भिंगयुक्त डोळ्यापर्यंत जायला, सावध गृहीतके धरूनही, चार लाखांहून कमी पिढ्या पुरतात. मात्र प्रकाशग्राही पेशी त्यांनी आधीच गृहीत धरली होती. वारशाने मिळालेली गोष्ट नेमकी तीच आहे, ऑप्सिन या तिच्यातील प्रकाशग्राही प्रथिनासह.

अवयव आणि जनुकजाळे यांचे इतिहास वेगळे असतात, हे मेक्सिकोतील गुहेत राहणाऱ्या आंधळ्या अ‍ॅस्टियानॅक्स माशात दिसते. त्याच्या भ्रूणात डोळा घडू लागतो, पण ‘सोनिक हेजहॉग’ जनुकाचे क्षेत्र पसरल्याने पॅक्स-६चे क्षेत्र आकसते आणि भिंगाच्या पेशी मरतात. पृष्ठभागावरील डोळस माशाचे भिंग या भ्रूणात बसवले, तेव्हा डोळा पुन्हा वाढला, म्हणजे अवयव हरपला तरी तो घडवणारे जनुकजाळे शिल्लक होते.